रिमार्कचा रकाना

"ताई, एवढं लिहून घेताय खरं, पण हे वरचे वाचतात का हो?" पुण्याच्या नऱ्हे भागातल्या एका किराणा दुकानदार काकांनी हे विचारलं तेव्हा मी मोबाईलवर त्यांच्या दुकानाचा फॉर्म भरत होते. बोलण्यात खोच अजिबात नव्हती. एका हाताने गिऱ्हाइकाला पोहे जोखून देत, दुसऱ्या हाताने गल्ला लोटत त्यांनी सहज विचारलं होतं. फॉर्ममधला प्रश्न असा होता: आमच्या कंपनीच्या कपडे धुण्याच्या लिक्विडची छोटी पाकिटं दुकानात का नाहीत? खाली चार पर्याय. किंमत जास्त, दुसऱ्या ब्रँडला पसंती, मागणी नाही, माल मिळाला नाही. काकांचं उत्तर या चारांत बसणारं नव्हतं. ते म्हणाले, "पोरं गावाला गेलीत. आंबेगाव, नऱ्हे, वडगाव, सगळं रिकामं झालंय. अर्धा जून उलटला की या, तेव्हा ठेवतो." सगळ्यात खाली रिमार्कचा एक रकाना होता. तो भरायची सक्ती नव्हती आणि त्यात जेमतेम एक ओळ मावायची. मी तिथे 'विद्यार्थी सुट्टीवर, जूननंतर' असं लिहिलं, फॉर्म पुढे पाठवला आणि काकांना म्हटलं, "विचारून सांगते." त्यानंतर दुकानामागून दुकानं होत गेली, ऊन चढत गेलं, पण तो प्रश्न डोक्यातून हलेना.

एमबीएचं पहिलं वर्ष संपलं की आमच्याकडे आठ आठवड्यांची समर इंटर्नशिप असते. सगळे तिला एसआयपीच म्हणतात. दुसऱ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की वर्गाच्या ग्रुपवर एकच विषय: कुणाला कुठे मिळाली. मार्केटिंगवाल्यांपैकी बऱ्याच जणांना बाणेर-बालेवाडीकडची डिजिटल ऑफिसं हवी होती. एसी, लॅपटॉप, रील्स, जाहिरातींचे आकडे. ते काम कमी प्रतीचं आहे असं मला वाटत नाही, माझी रूममेट तेच करते आणि मन लावून करते. मी मात्र फिल्ड मागून घेतलं. उन्हाळ्यात, पुण्यात, स्कूटीवर दुकानं हिंडायची म्हटल्यावर सरांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" नक्कीच होतं. आमचं बार्शीला किराणा दुकान आहे आणि मी काउंटरच्या आतल्या बाजूला वाढलेली मुलगी आहे. बाहेरच्या बाजूला उभं राहून ते सगळं कसं दिसतं, हे मला बघायचं होतं.

भगवंत मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान. पुढून लहान, आत लांबट. दुपारी शाळेतून आले की मी गोणीवर बसून डबा खायची. गुळाच्या ढेपेचा, अगरबत्तीचा आणि कपड्याच्या साबणाचा मिळून एक वास दुकानभर असायचा. तो आईच्या पदराला यायचा, पप्पांच्या शर्टाला यायचा, माझ्या वह्यांनाही यायचा. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारातल्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या आणि त्यातून पुडी फाडून देणं हे माझं पहिलं काम. ती छिद्रांच्या रेघेवरच फाडायची असते. जराशी तिरकी गेली की शेजारची पुडी फुटते आणि तिचा एक रुपया गेलाच म्हणून समजा. पप्पा ब्लेड वापरायचे. अंगठा आणि बोट यांच्यात ब्लेडचं अर्धं पान धरून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, माळेकडे न बघता ते नेमकी हवी तेवढी पट्टी उतरवून घ्यायचे.

आणि मग कंपनीची माणसं यायची.

पप्पांच्या तोंडी ते सगळे 'कंपनीवाले' असायचे, प्रत्यक्षात बहुतेक जण एजन्सीचे, म्हणजे कंपनीचा माल दुकानांना पुरवणाऱ्या वितरकाचे पगारी सेल्समन. पाठीला बॅग, हातात कार्बन घातलेलं ऑर्डरबुक, पुढे पुढे मोबाईल आले. चहा झाल्याशिवाय पप्पा त्यांना जाऊ द्यायचे नाहीत. महिन्याच्या वीस तारखेपर्यंत हे सेल्समन घाईत असायचे, दोन मिनिटांत ऑर्डर घेऊन पुढच्या दुकानात. शेवटच्या आठवड्यात तेच लोक येऊन बसायचे. "भाऊ, दोन पेट्या घ्या ना, टार्गेटला तेवढंच कमी पडतंय, पुढच्या महिन्यात नका घेऊ." पप्पा नको म्हणायचे, मग घ्यायचे. त्या पेट्या मागच्या खोलीत पडून राहायच्या. क्रीम बिस्किटांची अशीच एक पेटी एकदा उन्हाळाभर राहिली, क्रीम वितळून बिस्किटाच्या बाहेर आलं, आणि माल परत घेण्याचा क्लेम महिनोन्महिने कुणी मंजूर केला नाही. त्या सेल्समनवर मी तेव्हा फार चिडले होते. पप्पा चिडले नव्हते. त्याचाही पगार टार्गेटवर आहे, एवढंच म्हणाले होते.

इंटर्नशिपच्या सुरुवातीला मला एका अनुभवी सेल्समन दादांबरोबर त्यांच्या बीटवर पाठवलं. बीट म्हणजे त्या दिवशीच्या ठरलेल्या वाटेवरची तीसचाळीस दुकानं. सकाळी एजन्सीच्या गोडाऊनमध्ये मीटिंग, तिथे टार्गेट सांगतात, दुकानदारांना द्यायच्या सवलतींच्या स्कीम सांगतात, आणि मग नवले पुलाखालून ट्रकांच्या धुरातून आम्ही सुटायचो. ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये मला शिकवलं होतं: नमस्कार, ॲप उघडा, स्टॉक तपासा, ऑर्डर सुचवा, स्कीम सांगा. दादांची पद्धत वेगळी होती. ते दुकानात शिरले की आधी मागच्या बिलाचं विचारायचे. स्कीमचे पैसे वळते झाले का, फुटका माल परत गेला का. काही राहिलं असेल तर तिथूनच एजन्सीत फोन लावायचे. मग मागच्या खिशातून फडकं काढायचे आणि आपल्या कंपनीच्या बाटल्या पुसायला लागायचे. रस्त्यालगतच्या दुकानांत दोन दिवसांत मालावर धुळीचा थर बसतो. पुसता पुसता जुन्या तारखेच्या बाटल्या पुढे, नव्या मागे. हे सगळं होईपर्यंत दुकानदार स्वतःच म्हणायचा, "एक पेटी पावडर टाका." ॲप शेवटी उघडायचं. एका दुपारी रसवंतीवर बसल्यावर मी विचारलं, हे ट्रेनिंगमध्ये का नाही सांगत? दादा म्हणाले, "जे ट्रेनिंग देतात, त्यांनी कधी बाटली पुसलेली नसते, ताई." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पुढच्या दुकानापासून मीही पर्समध्ये फडकं ठेवायला लागले.

मार्केटिंगच्या पुस्तकातल्या चार पींपैकी प्लेस, म्हणजे माल कुठे मिळतो, हा जो एक पी शिकलो, तो मला खऱ्या अर्थाने कळला नऱ्ह्यातल्या त्या काकांच्या दुकानात. संध्याकाळच्या गर्दीत एकदा मी बाजूला उभी राहून नुसतं बघत होते. काका खुर्चीवरून उठतच नव्हते. हात लांब केला की जिथवर पोचतो तिथवर एक अर्धवर्तुळ होतं. त्यात पाच आणि दहा रुपयांची पाकिटं, साबण, चहापत्ती, बिस्किटं, पेनं. गिऱ्हाइकाने नाव न घेता नुसतं "पावडर द्या" म्हटलं की त्या वर्तुळातली पावडर जायची. आणि नाव न घेणारी गिऱ्हाइकं मला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त होती. आमच्या कंपनीच्या मालासाठी जागा मागताना मला सांगितलं होतं की डोळ्यांच्या उंचीचं शेल्फ मिळवा. मॉलमध्ये ते ठीकच आहे, तिथे गिऱ्हाईक स्वतः उचलतं. इथे माल उचलणारा हात काकांचा आहे, तेव्हा उंची मोजायची तर काकांच्या खांद्यापासून मोजायला हवी. बार्शीला मी हे लहानपणापासून बघत आले होते, पण तेव्हा ते मार्केटिंग आहे असं मनातही आलं नव्हतं. पप्पांच्या हाताशी काय असतं आणि शिडी लावून काय काढावं लागतं, हे मी आजही डोळे मिटून सांगू शकते.

लिक्विडच्या पाकिटाचंही त्यांनीच समजावलं. कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं भरून राहणारं पोरगं एका वेळी चार कपडे धुतं. पावडरचं पाकीट उघडलं, अर्धं वापरलं, वरून दुमडून चिमटा लावला की खिडकीत राहतं. लिक्विडचं पाकीट एकदा फाडलं की ते उभं राहत नाही, सांडतं. बादलीत ठेवलं तर बादली चिकट, खिडकीत ठेवलं तर खिडकी. "एकदा नेतात, दुसऱ्यांदा मागत नाहीत," असं म्हणत काकांनी काउंटरखालून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. कोपऱ्याला फाडायची खूण होती, बंद करायची सोय कुठलीच नव्हती. शिवाय दहा रुपयांचं. मुलं सुट्टी संपवून परत आली तरी ही अडचण तशीच राहणार होती. फॉर्मच्या भाषेत या सगळ्याचं नाव 'मागणी नाही'.

अशा वेळी मला विको आठवायची. केशव पेंढरकर हे मूळचे नागपूरचे किराणा दुकानदार. मुंबईत येऊन परळला त्यांनी १९५२ मध्ये विको सुरू केली तेव्हा दंतमंजन घेऊन घरोघरी जावं लागत होतं. करसनभाई पटेल अहमदाबादेत सरकारी नोकरी सांभाळून १९६९ पासून निरमाची पिवळी पावडर सायकलवरून दारोदार विकत होते. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरला आणि १९८३ मध्ये त्यांचा मुलगा सी. के. रंगनाथन यांनी चिक हा शाम्पू बाजारात आणला. आमच्या दारातल्या माळांची पाळंमुळं तिथपर्यंत जातात. वर्गात ही उदाहरणं किंमत, पॅकिंग, वितरण अशी कप्पे पाडून शिकवतात. मला यातली एकच गोष्ट खेचून घेते. कशी पावडर हवी, केवढ्याला परवडेल, हे त्यांना दारातल्या माणसाने तोंडावर सांगितलं असणार. सांगणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात मधे कुणी नव्हतं. आता मधे सेल्समन आहे, एजन्सी आहे, सुपरवायझर आहे, एरिया मॅनेजर आहे, ॲप आहे, ॲपमधले आकडे वरच्यांना दाखवणारा डॅशबोर्ड आहे, आणि उन्हाळ्यापुरती मी.

या शहरातली दुकानंही आता अडचणीत आहेत. मोठ्या सोसायट्यांच्या बाजूला दर दुसऱ्या दुकानदाराचं बोलणं झेप्टो, ब्लिंकिटवर यायचं. दहा मिनिटांत दूध दारात मिळायला लागल्यावर दुधाबरोबर जाणारा ब्रेड गेला, ब्रेडबरोबरची अंडी गेली. महिन्याचा किराणा तर त्याआधीच डीमार्टने नेला होता. काही जण माझ्याकडे बघून म्हणायचे, तुमच्याच कंपन्या त्यांना स्वस्तात माल देतात आणि आम्हाला स्कीम द्यायची म्हटली की हात आखडता. यावर मला काही बोलता यायचं नाही. बार्शीला तेव्हा ती दहा मिनिटांवाली गाडी पोचलेली नव्हती. पण असं कुणी बोललं की रात्री मी पप्पांना फोन करून धंदा कसा चाललाय एवढंच विचारायची, आणि ते बरा आहे म्हणायचे.

मुलगी म्हणून फिल्डवर काम करण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण ते कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही. उन्हाचं काही नाही, स्कार्फ आणि पाण्याची बाटली असली की निभतं. खरी अडचण बाथरूमची. सकाळी गोडाऊन सोडलं की संध्याकाळपर्यंत हक्काची जागा नाही. सेल्समन दादा लोक कुठेही थांबतात. मी पाणी कमी प्यायला लागले आणि मग डोकं दुखायला लागलं. धायरीतल्या एका दुकानात काकू बसायच्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी न विचारता आतलं दार उघडलं आणि म्हणाल्या, "आत जा बाळा, मागच्या बाजूला आहे. आणि इकडे आलीस की सरळ येत जा." त्यांनी ऑर्डर दिली नाही, त्या आठवड्यातही नाही आणि पुढच्याही नाही, तरी त्या दुकानाचे उपकार मी विसरणार नाही. फिल्डवर मुली टिकत नाहीत असं एजन्सीतल्या सुपरवायझरनी मला सांगितलं होतं. मुली टिकाव्यात म्हणून काही सोय केली आहे का, असं मी विचारलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "खरंय तुमचं." चांगला माणूस होता. सोय मात्र तेव्हाही झाली नाही.

पैशांचं बोलणं आमच्यात कुणी उघड करत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त खटकतं. मी जिथे होते तिथे मानधन नव्हतं, पेट्रोलही नव्हतं. शेवटी सर्टिफिकेट मिळणार एवढंच. आठवड्याला पेट्रोलचा खर्च, दुपारचं जेवण, मोबाईलचा डेटा, सगळं घरून. दर सोमवारी सकाळी पप्पांचा यूपीआय यायचा आणि खाली मेसेज असायचा, 'पेट्रोल'. ते पैसे दुकानाच्या गल्ल्यातले होते. पाच रुपयांच्या बिस्किटामागे, एका शाम्पूच्या पुडीमागे जे सुटतं, त्यातून जमलेले. बार्शीतल्या एका किराणा दुकानाच्या नफ्यातून पुण्यात एका कंपनीचा माल दुकानादुकानांत पोचत होता, आणि कंपनी ते फुकट घेत होती. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते स्पष्ट लिहिते आहे. अनुभव मिळतो ना, असं लोक म्हणतात. मिळतो, भरपूर मिळतो, मी या लेखात तेच सांगते आहे. पण मी नेलेल्या ऑर्डरींवर एजन्सीचं बिल फाटलं आहे. ते काम होतं.

सरकारने २०२४ मध्ये दोन योजना आणल्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. लोक तिला लाडका भाऊ म्हणायला लागले. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली तेव्हा त्यात महिन्याला ५,००० रुपये होते. दोन्हींची दिशा मला योग्य वाटते. पण त्या आल्या तेव्हा ज्यांचं पूर्णवेळ शिक्षण चालू होतं त्यांना या दोन्हींत जागा नव्हती. म्हणजे अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची असणारी आमच्यासारखी मुलं मधेच राहिली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर एमकॉम, एमएच्या मुलांनाही ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट मिळवावे लागतात. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी ते कुठे करणार आणि येण्याजाण्याचे पैसे कुठून आणणार, हा हिशेब कुणी तरी मांडायला हवा. माझ्या वर्गात परभणीचा एक मुलगा आहे. त्याला याच कंपनीत फिल्ड मिळत होतं आणि त्याला ते हवंही होतं. त्याच्याकडे गाडी नव्हती. तो हडपसरला एका ऑफिसात बसून डेटा भरत राहिला.

शेवटच्या आठवड्यात एरिया मॅनेजर सरांसमोर सगळ्या इंटर्नचं प्रेझेंटेशन होतं. ॲपमधून तयार होऊन आलेल्या तक्त्यात माझ्या भागापुढे लाल पट्टा होता: मे-जूनमध्ये लिक्विडची मागणी कमी, मुख्य कारण मागणी नसणे. माझ्या आधी बोलणाऱ्याच्या भागाचं असंच आलं होतं आणि तिथे जाहिरात वाढवा असं सुचवून झालं होतं. मी रिमार्कमधल्या ओळी आदल्या रात्री एकेक करून उतरवून काढल्या होत्या, त्या दुकानांच्या जागेप्रमाणे लावल्या आणि तीच स्लाईड आधी दाखवली. कॉलेजच्या वस्त्यांमध्ये जवळजवळ सगळीकडे एकच गोष्ट निघत होती, मुलं गेली आहेत. आणि सोसायट्यांच्या बाजूला वेगळीच. मग पर्समधून ते फाटलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि ते उभं राहत नाही हे दाखवलं. सर थोडा वेळ ते हातात घेऊन बघत बसले. म्हणाले, "हे आधी का नाही आलं आमच्याकडे?" मी सांगितलं, आलंय सर, दर आठवड्याला आलंय, रिमार्कमध्ये. त्यांनी लॅपटॉपवर डॅशबोर्ड उघडून तो रकाना शोधला. डॅशबोर्डवर तो येतच नव्हता. फॉर्म भरला की ते शब्द कुठल्या तरी शीटच्या शेवटच्या कॉलममध्ये जाऊन पडत होते. सरांनी ती शीट मागून घेतली, पॅकिंगवाल्यांना पाठवतो म्हणाले, माझ्याशी हस्तांदोलन केलं. मला आनंद झाला आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत. त्या रकान्यात माझ्या आधी कुणी काय काय लिहून ठेवलं असेल, हा विचार मला त्या संध्याकाळी जेवू देईना.

काकांना मी जे पाहिलं ते तसंच सांगितलं. वाचत नव्हते, आता एकाने वाचलंय. "मग ठीक आहे," म्हणाले. तोवर पावसाची भुरभुर सुरू झाली होती, मुलं परतत होती, छत्र्या आणि नूडल्सची पाकिटं जात होती, आणि त्यांना माझ्याशी बोलायला सवड नव्हती.

रिपोर्ट मी जमा केला. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी सॅम्पल साईज विचारली, प्रश्नावली कशी तयार केली ते विचारलं, आणि मग, पुढे सेल्समध्येच जाणार का, असं विचारलं. मी हो म्हणाले. मला प्लेसमेंटला फिल्ड सेल्सच हवंय, आणि तिथे पोचले तर इंटर्न माझ्या हाताखालीही येतील. पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, महिनाअखेरीला कुणाच्या गळ्यात माल मारू नकोस, बाकी काहीही कर. दरम्यान पुढच्या बॅचसाठी कंपन्यांशी बोलणी सुरू होतील. तेव्हा प्रवासखर्च आणि किमान मानधन आधी लेखी ठरवून घ्यावं, फिल्डवर मुली पाठवायच्या असतील तर बीटवर बाथरूमची जागा कुठे आहे ते कंपनीने आधी सांगावं, असा अर्ज मी विभागाला दिला आहे. परभणीच्या मित्राने त्यात गाडी नसलेल्यांसाठी बसपासचा मुद्दा घातला आणि वर्गातल्या बहुतेकांनी सह्या केल्या. विभागप्रमुखांनी पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हणून सांगितलंय. बैठकीची तारीख मी विचारून ठेवली आहे.